दोन वर्षांचं मूल दत्तक घेतोय. गृहभेटीआधी दापोलीकडचं जुनं घर सुरक्षित कसं करावं?

सॉकेटची झाकणं आणि टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचं रबर तुम्ही एव्हाना मागवलं असेलच. लावा. पण आपल्याकडच्या घरात मूल त्यानं वाचत नाही. तुम्ही फर्निचरबद्दल सविस्तर विचारलंत आणि ‘मागे विहीर आहे’ हे तीन शब्दांत उरकलंत, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर गुहागर तालुक्यात. आगरात चिऱ्यांनी बांधलेली विहीर, मोठ्या दिरांची आणि आमची सामाईक. कठडा तीन बाजूंनी कमरेएवढा, पण रहाटाच्या बाजूला जेमतेम गुडघ्याएवढा. ‘कारा’च्या (दत्तक देण्याचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) यादीत आम्ही तीन वर्षांहून जास्त थांबलो आणि तेवढी सगळी वर्षं मी एकच सांगत होते, विहिरीवर जाळी बसवू. दादांचं (म्हणजे मोठ्या दिरांचं) ठरलेलं उत्तर, “आमच्या आईने सहा पोरं वाढवलीन, जाळी लावलीन होती का?” की सगळे गप्प. नवरासुद्धा. मला तेव्हा बोलता यायचं नाही, रडूच यायचं.

आता बोलते. ती सहा पोरं याच घरात रांगली. चुलीकडे हात गेला की आजी ‘हाऽ’ करायची आणि पोर हात मागे घ्यायचं, असं वर्षभर रोज. आमची लेक आली ती सव्वादोन वर्षांची, धावत. संस्थेत तिनं चूल पाहिली नव्हती, उंबरठा पाहिला नव्हता, विहीर तर नाहीच. आम्ही ठेवलेलं नाव आपलं आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. हाक मारली तरी वळायची नाही. पहिले काही महिने तुमच्या आवाजानं मूल थांबत नाही, हे पक्कं धरून घर सुरक्षित करून घ्या.

‘कारा’कडून मूल सुचवल्याचं कळलं की ते आपल्यासाठी राखून ठेवायला ४८ तास मिळतात आणि पुढे नुसती धावपळ. दादा तेव्हा मुंबईला गेलेले. मी त्याच आठवड्यात शृंगारतळीहून फॅब्रिकेटर बोलावला, दहा एमएमच्या सळ्या, चार इंचांचे चौकोन, वर कुलपाचं झाकण. दादांनी परत येऊन पाहिलं आणि गावभर सांगितलं, “हिने विहिरीचा पिंजरा केलान.”

लेक घरी आल्याच्या चौथ्या दिवशी, भर मे महिन्यात, मी खळ्यात आमसुलं उलटत होते. ती ओटीवर तिच्या बाबांजवळ. त्यांना फोन आला, ते रेंज मिळते तिथवर गेले. मागच्या दाराची कडी काढलेली दिसली आणि माझे पाय गार पडले. ती जाळीवर पालथी पडली होती. एक चप्पल चौकोनातून खाली गेली होती आणि ती गाल सळईला टेकवून पाण्यावरची चप्पल बघत होती. उचलली तेव्हा गालावर सळईचा वळ होता आणि फ्रॉकला रेड ऑक्साइड लागलेलं. चप्पल जाते त्या चौकोनातून, डोकं जात नाही. दादा रहाटाशी उभे होते, त्यांनी हे सगळं पाहिलं. पिंजऱ्याचं बोलणं मात्र अजून लग्नाकार्यात निघतं.

बाकीचं थोडक्यात. न्हाणीतलं घंगाळ, बादल्या रात्री रिकाम्या करून पालथ्या घाला, लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं. आंब्याच्या फवारणीची औषधं आणि रॉकेल पाण्याच्या बाटलीत अजिबात नको. तसलं काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका, बाटलीसकट दवाखाना गाठा. विळी, कोयती उंचावर. पिवळी बिट्टी परसात असेल तर तोडा, तिच्या बिया विषारी. सुपारी, काजू, शेंगदाणे हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. लाकडांची आणि चिऱ्यांची रास भिंतीपासून लांब हलवा, विंचू नि फुरसं तिथंच असतं. विंचू चावला तर मंत्रानं विष उतरवणाऱ्याकडे जाऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाचे रुग्ण वाचवले, ते औषध तुमच्या आरोग्य केंद्रात आहे का ते आजच विचारून या.

गृहभेटीची एवढी धास्ती घेऊ नका. आमच्याकडे आलेल्या ताई सामान बघण्यापेक्षा माणसांशीच जास्त बोलल्या, दादांशीसुद्धा. गृहभेटीचा अहवाल तीन वर्षं चालतो आणि मूल आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो.

जाळी असली तरी नजर हवीच, हे सांगायचं राहिलं. कुलपाची किल्ली मुलाच्या हाताला लागेल अशी खुंटीवर नको. काम पावसाआधी उरका, मिरगाच्या तोंडावर माणूस मिळत नाही. आणि मापं घेतानाच पंपाच्या पाइपाला जागा सोडायला सांगा, आमच्याकडे ते राहिलं आणि नंतर दोन सळ्या कापाव्या लागल्या.