साडेचार वर्षांच्या मुलीच्या किडलेल्या दुधाच्या दातांना ते काळं पडणारं औषध लावू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेचार वर्षांची आहे, वरचे समोरचे दात अन् खालच्या दोन दाढा किडल्यात, दुखत काही नाही, डॉक्टर म्हणतात मशीन न लावता एक औषध लावू, कीड थांबेल पण दात काळे पडतील. सासूबाई म्हणतात "दुधना दात शेतस, पडी जातीन", आणि घरच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलंय की ते औषध विषारी आहे. मी डेंटिस्ट आहे, क्लिनिक रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, आणि हाच प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की जरा लांब लिहिते, सवडीने वाचा.

आधी उत्तर सांगून टाकते. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नसेल तर बिनधास्त लावा. नसेपर्यंत गेली असेल तर त्या दाताला ते औषध लावून काही उपयोग नाही, तिथे दुसरा इलाज लागतो. सगळं या एका गोष्टीवर अडलंय, घरात वाद मात्र काळं दिसेल की पांढरं यावरच चालू असतो.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. समोरचे दुधाचे दात ६-७ व्या वर्षी पडतात, म्हणजे तुमच्या मुलीचे अजून दोनेक वर्षं. पण दाढांचं तसं नाही, दुधाच्या दाढा १० ते १२ व्या वर्षापर्यंत राहतात, म्हणजे पोरगी पाचवी-सहावीत जाईपर्यंत तिला त्याच दाढांनी भाकरी चावायचीय. त्या दाढा लवकर काढाव्या लागल्या तर मागची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही, मग तो वाकडातिकडा येतो आणि पुढे तारा लावायचा खर्च. जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर बसवता येतो पण ते म्हणजे पुन्हा माप, पुन्हा चकरा. म्हणून "पडणारच आहेत" हे समोरच्या दातांना चालून जाईल एकवेळ, दाढांना नाही. आणि आपल्याच घरात असं कसं झालं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेली मुलं जगभरात ५० कोटींच्या वर सांगितलीत.

आता औषध. त्याचं नाव सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, आम्ही एसडीएफ म्हणतो. आपल्याकडे आत्ता आत्ता ऐकू यायला लागलं म्हणून लोकांना वाटतं काहीतरी नवीन प्रयोग पोरीवर चाललाय, पण जपानमध्ये ते १९७० च्या सुमारासच वापरात आलं. अमेरिकेत २०१४ ला परवानगी मिळाली, ती सुद्धा कागदावर दाताला थंड-गरम लागतं त्यासाठी, पण डॉक्टर लोक वापरतात मुख्यतः कीड थांबवायला. मग २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं, सोबत फ्लोराइडची टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंट (दातात भरायचं एक फिलिंग) पण. कोरोनात त्याचा वापर अजून वाढला कारण मशीन लावलं की तोंडातले तुषार हवेत उडतात, यात ती भानगडच नाही.

लावायला काहीच नाही हो. दात पुसून कोरडा करायचा, ओठाला व्हॅसलीन, हिरडीला कापूस, इवल्याशा ब्रशने औषध लावायचं, मिनिटभर थांबायचं. सुई नाही, घर्रर्र आवाज नाही. चव मात्र घाण, धातूसारखी, त्यामुळे पोरं तोंड वाकडं करतात तेवढंच. यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ पडलेला भाग कडक करतं. दोनेक आठवड्यांनी दाखवायला गेलात की डॉक्टर तो भाग तपासतील, काळा आणि कडक लागला म्हणजे कीड थांबली, अजून मऊ लागला तर परत लावतील. साधारण दर सहा महिन्यांनी लावत राहावं लागतं, एकदा लावलं अन् सुटलो असं नाही. आणि शंभर टक्के नाही हं, अभ्यासांचे एकत्रित आढावे बघितले तर ८० टक्क्यांच्या आसपास ठिकाणी कीड थांबते, समोरच्या दातांवर जास्त चांगलं, दाढांच्या फटीत जिथे अन्न अडकून बसतं तिथे कमी. खड्डा पण तसाच राहतो, तो भरून येत नाही. म्हणून दाढांवर औषधानंतर वरून ग्लास आयोनोमर सिमेंट भरून घ्या, अन्न अडकत नाही आणि काळेपणा पण थोडा झाकला जातो.

विषारीचं काय. ३८ टक्क्यांच्या द्रावणात फ्लोराइड ४४,८०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ४४,८०० भाग) असतं, आकडा भला मोठा आहे आणि ग्रुपवर फिरवायला तेवढंच पुरतं. पण लागतं किती ते बघा ना. एका थेंबात फ्लोराइड साधारण १ मिलिग्रॅम येतं आणि त्या एका थेंबात चार-पाच दात होतात. साध्या १००० पीपीएमच्या पेस्टचा जाहिरातीत दाखवतात तसा ब्रशभर लांब पट्टा घेतला, म्हणजे ग्रॅमभर, तर त्यातही तेवढंच १ मिलिग्रॅम असतं. फ्लोराइडची विषबाधा होईल म्हणून दवाखान्यात पळायची पातळी धरतात वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलीला ७५. कुठे १ आणि कुठे ७५. शिवाय ते गिळायचं नसतं, दातावर लावायचं असतं.

अमेरिकेतल्या बातम्या पण त्यात मिसळतात. २०२५ मध्ये तिकडे युटा राज्याने नळाच्या पाण्यात फ्लोराइड टाकणं बंद केलं, त्यावरून आपल्याकडे "अमेरिकेत फ्लोराइडवर बंदी" असे मेसेज आले. अहो तो वाद पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा आहे, आपल्याकडे नळाच्या पाण्यात कोणी फ्लोराइड टाकत नाही, उलट काही भागात बोअरच्या पाण्यात जास्त असतं म्हणून काढावं लागतं. अजून एक गोंधळ, सिल्व्हर म्हटलं की लोकांना जुनं चांदीचं फिलिंग आठवतं. त्यात पारा असतो, आणि पाऱ्याबद्दलच्या मिनामाटा करारात २०२२ ला ठरलं की दुधाच्या दातात आणि १५ वर्षांखालच्या मुलांत ते टाळायचं. एसडीएफमध्ये पारा नाही, दोन्हीचा काही संबंध नाही. हं, चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंडात छाले असतील तर मात्र लावत नाहीत, ते आधी सांगा.

काळं पडण्याबद्दल खरं सांगते. जिथे कीड आहे तिथेच काळं होतं, चांगला दात पांढराच राहतो. पण जिथे होतं तिथे कायमचं होतं, घासून निघत नाही. हिरडीला, ओठाला, बोटाला लागलं तर तपकिरी डाग पडतो, तो आठवडा-दोन आठवड्यात आपोआप जातो, कपड्याला लागला तर मात्र विसरा. माझं मत विचाराल तर दाढांना डोळे झाकून लावा, कोण बघतंय तिथे. समोरच्या दातांचं घरात बसून ठरवा, कारण हसली की दिसणार, फोटोत दिसणार, बालवाडीत पोरं काहीबाही बोलणार, आणि काही आयांना ते रोज बघणं खरंच जड जातं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलगी खुर्चीत शांत बसत असेल तर समोर दाताच्या रंगाचं फिलिंग होऊ शकतं. बसतच नसेल, तोंड उघडायच्या आधीच रडत असेल, तर आज काळं करून कीड थांबवा आणि सहा-आठ महिन्यांनी जरा समजूतदार झाली की वरून पांढरं भरा. जबरदस्तीने चौघांनी धरून फिलिंग करण्यापेक्षा हे कधीही बरं, तशी पोरं मोठी झाल्यावर पण दाताच्या डॉक्टरकडे फिरकत नाहीत, मी बघते ना.

आता नसेचं. तुम्ही लिहिलंय दुखत नाही. नक्की का, हे नीट बघा, कारण साडेचार वर्षांचं लेकरू दुखतं म्हणून सांगत नाही, ते एका बाजूने खायला लागतं, भाकरी सोडून नुसतं वरण-भात मागतं, घास तोंडात धरून बसतं. रात्री झोपेतून रडत उठते का? हिरडीवर पिवळी-लाल पुटकुळी दिसते का, जी फुटते अन् परत येते? दाढ हलते का? यातलं काही असेल तर नस गेलेली आहे किंवा जायच्या मार्गावर आहे, तिथे एसडीएफ नको. तिथे दुधाच्या दाढेची आरसीटी (रूट कॅनाल) करून, म्हणजे विरघळणारं औषध आत भरून, वर स्टीलची कॅप घालतात, नाहीतर दाढ काढून स्पेस मेंटेनर. आणि गाल सुजला, ताप आला, सूज डोळ्याकडे चढायला लागली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी नाहीतर त्याच रात्री दाखवायचं. मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून सूज बसते, दाढ बरी होत नाही, महिनाभराने पुन्हा तेच. दाढेत मिसरी दाबू देऊ नका, आजी कितीही म्हणाली तरी. आणि आठवडे बाजारात धूर देऊन दातातला किडा काढून दाखवणारे बसतात ना, ते किडे दातातले नसतातच, लांब राहा.

म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा की दाढांचा छोटा एक्स-रे काढला का आणि कीड नसेपासून किती लांब आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. दाढा मधल्या फटीतून किडल्या असतील पण नस चांगली असेल तर अजून एक पर्याय आहे जो आपल्याकडे कमी लोक सांगतात, हॉल टेक्निक. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल नावाच्या डेंटिस्टच्या नावावरून. यात दाढ कोरतच नाहीत, सुई पण नाही, आधी काही दिवस दाढांच्या मधे रबरी रिंगा घालून जागा करतात आणि मग स्टीलची तयार कॅप सिमेंटने बसवून टाकतात, कीड आत बंद, तिला खायला काही मिळत नाही म्हणून ती पुढे जात नाही. सुरुवातीला चावताना कॅप उंच लागते, काही आठवड्यात बसते. एसडीएफच्या मानाने खर्च जास्त पण दाढेला टिकाऊ.

खर्चाचंच आडवं येत असेल तर धुळ्याला एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, कॉलेजात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, वेळ जास्त जातो पण प्रायव्हेटच्या मानाने स्वस्त पडतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा तपासणीला येते, दात किडणं त्यांच्या यादीत आहे, तेव्हा अंगणवाडीताईंना विचारून मुलीला त्या दिवशी नक्की पाठवा, ते पुढे सरकारी दवाखान्यात पाठवतात.

एवढं करूनही घरात काय चालतं त्यावर सगळं आहे. वरचे समोरचे दात आधी किडलेत म्हणजे मला तरी रात्रीच्या बाटलीचा संशय येतो, साखर घातलेलं दूध पीत पीत झोपणं. झोपेत लाळ कमी होते, दूध दातावर तसंच बसून राहतं. बाटली बंद करा, एकदम जमत नसेल तर रोज थोडं पाणी वाढवत न्या आणि शेवटी नुसतं पाणी. दुसरं म्हणजे दिवसभर हातात बिस्किटाचा पुडा, चहा-टोस्ट, पाच-दहा रुपयांची पाकिटं. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं, कारण दरवेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास तरी जातो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी आणि आमरस पोटभर खाऊ द्या, जेवणासोबत खाल्लं अन् संपलं, त्याने दात जात नाहीत, दर तासाला एक बिस्कीट खाल्ल्याने जातात.

पेस्ट फ्लोराइडवालीच घ्या, खोक्यावर वाचा, १००० पीपीएम. लहान मुलांच्या म्हणून रंगीत ट्यूब मिळतात त्यातल्या कितीतरींमध्ये फ्लोराइड निम्मंच असतं नाहीतर नसतंच, हर्बलमध्ये पण तेच. वाटाण्याएवढी घ्यायची, थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. आणि घासायचं तुम्ही, तिने नाही, ७-८ वर्षांची होईपर्यंत, रात्रीचं तर कधीच चुकवायचं नाही.

अजून एक, सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवीन दाढ येईल, खाली-वर मिळून चार. ती यायला कुठला दात पडत नाही म्हणून घरच्यांना कळतच नाही आणि दुधाचीच समजून सोडून देतात. ती पक्की आहे, आयुष्यभराची. दर सहा महिन्यांनी एसडीएफला जाल तेव्हा ती आली का बघायला सांगा आणि पूर्ण वर आली की तिच्या खाचांमध्ये सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा पातळ थर, भरून घ्या.