टेक्सासमधले मिनरल राइट्स (जमिनीखालच्या तेल-गॅसचा हक्क) वारशाने आलेत. डिव्हिजन ऑर्डरवर (विक्रीत आपला हिस्सा किती ते लिहिलेला कंपनीचा कागद) सही करू का? चेक स्टबही (चेकसोबतचा हिशेबाचा कागद) कळत नाही.

आत्ताच सही करू नका. आधी लीज, म्हणजे तेल काढू देण्याचा कंपनीशी झालेला करार, शोधा.

तुम्ही लिहिलंय की सासरे गेल्यावर हिस्सा नवऱ्याच्या नावावर आला, कंपनीने डिव्हिजन ऑर्डर पाठवली आणि घरचे म्हणतात "फॉरमॅलिटी आहे, करून टाक". हे "करून टाक" वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण आमच्या दिराचं अगदी हेच वाक्य.

माझा नवरा टेक्सासचा. सासूबाई गेल्या आणि चाळीस एकरांचे मिनरल्स दोघा भावांत अर्धे अर्धे झाले. जमीन त्यांनी कधीच विकलेली, म्हणजे वरचा मालक भलताच आणि खालचं तेल आमचं. आपल्याकडे सात-बारावर नाव असलं तरी खाली तेल लागलं तर ते सरकारचं, त्यामुळे हे डोक्यात बसायलाच वेळ लागला. ऑर्डर आली, त्यात नवऱ्याच्या नावापुढे 0.00625. दीर म्हणाला एवढ्या मोठ्या कंपनीत वकील बसलेत, ते काय चुकणार, आणि सही ठोकून मोकळा झाला. माझे वडील तलाठी होते हो, हिस्सा स्वतः मांडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

वीस एकर, भागिले युनिटचे (विहिरीसाठी एकत्र धरलेल्या जमिनीचे) 640, गुणिले लीजमधली रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला मालकाचा वाटा. सासूबाईंच्या लीजमध्ये रॉयल्टी पाव होती, म्हणजे 0.0078125 यायला हवं. 0.00625 कधी येतं, तर एक पंचमांश धरला की. फाइल उपसल्यावर त्याच जमिनीचं आधीचं, मुदत संपलेलं लीज सापडलं, त्यात एक पंचमांश! कंपनीच्या टायटलवाल्यांनी (मालकीचे कागद तपासणाऱ्यांनी) तेच धरलेलं. म्हणजे हक्काच्या दर शंभर डॉलरमागे वीस डॉलर गायब, आणि विहीर चालेल तोवर गायब.

मी आकडेमोड, लीजची कॉपी आणि पत्र सर्टिफाइड मेलने पाठवलं, आणि मग पैसे जे सस्पेन्समध्ये (कंपनीने धरून ठेवलेल्या खात्यात) अडकले ते अडकलेच, तेवढ्यात दिराचे चेक सुरू झालेले, तो फोनवर विचारायचा, काय, जिंकलीस का? शेवटी दुरुस्त ऑर्डर आली आणि मागचा फरक त्यालाही मिळाला. थँक्यू अजून यायचंय. थँक्सगिव्हिंगला सगळ्यांसमोर सांगतो की कंपनीने स्वतःहूनच सुधारलं.

असो, स्टब. डेसिमल, म्हणजे तो 0.00 वाला हिस्सा, ऑर्डरशी जुळतं का ते आधी बघा. मग महिना, व्हॉल्यूम (तेल बॅरलमध्ये, गॅस एमसीएफमध्ये, म्हणजे हजार घनफुटांत), भाव, टॅक्स. सेव्हरन्स टॅक्स (तेल-गॅस काढण्यावरचा राज्याचा कर) तेलावर 4.6 टक्के, गॅसवर 7.5, तो आपल्या वाट्यातूनही जातो, त्यावरून भांडू नका. भांडायचं ते डिडक्शन्सवरून. गॅदरिंग, कॉम्प्रेशन, प्रोसेसिंग (गॅस गोळा करणं, दाबणं, शुद्ध करणं) असल्या नावांनी खर्च कापतात आणि ते चालतं की नाही ते लीजची भाषा ठरवते. "कपात नाही" एवढं लिहिलं म्हणजे झालं असं नाही, रॉयल्टी जर "विहिरीपाशी बाजारभाव" अशी लिहिली असेल तर टेक्सास सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये हेरिटेज रिसोर्सेसच्या केसमध्ये असं कलम निरुपयोगी ठरवलंय. व्हॉल्यूम रेलरोड कमिशनच्या साइटवर ताडून बघा (नाव रेलरोड, काम तेलाचं, रेल्वेशी आता काडीचा संबंध नाही). पण रॉयल्टीचं भांडण ते सोडवत नाहीत, तिकडे फोन करून वेळ घालवू नका.

पहिला चेक विक्री सुरू झाली त्या महिन्यानंतर 120 दिवसांपर्यंत येऊ शकतो. रक्कम शंभर डॉलरच्या खाली असेल तर साठवून पाठवतात, घाबरू नका.

आता एक राहिलं. सही करू नका म्हणजे कायमची नको असं नाही, ती होईपर्यंत कंपनी पैसे धरून ठेवू शकते. टेक्सासमध्ये डिव्हिजन ऑर्डरने लीज बदलत नाही आणि ती नंतर रद्दही करता येते, त्यामुळे दिरासारखी सही आधीच झाली असेल तरी सगळं संपलं असं नाही. हे सगळं टेक्सासपुरतं, ओक्लाहोमा किंवा नॉर्थ डकोटाचं असेल तर तिकडचा ऑइल-गॅस वकील गाठा. आणि लीज घरात नसेल तर काउंटी क्लर्ककडे बघा, पण तिथे बरेचदा नुसतं मेमोरँडम (लीजचा छोटा गोषवारा) नोंदवलेलं असतं, त्यात रॉयल्टीचा आकडाच नसतो. मग कंपनीकडेच पूर्ण लीज मागायची, तीही लेखी, फोनवर नाही.