भाऊ गेला, आता काउन्सेलर शोधू कसा?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, नाशिकला असते. आठ महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ बाईकच्या ॲक्सिडेंटमध्ये गेला. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, नंतर जो तो आपापल्या कामाला लागला. मी पण ऑफिसला जाते, डबे करते, सगळं करते, पण आतून काहीच होत नाही. रात्री वाटतं की झोपावं आणि सकाळी उठूच नये. मिस्टर म्हणतात किती दिवस तेच धरून बसणार. मध्ये एका काउन्सेलरकडे गेले होते, त्यांनी अर्ध्या तासात पॉझिटिव्ह विचार करा, मेडिटेशन करा असं सांगितलं. भावाच्या नंबरला मी अजून दर महिन्याला रिचार्ज मारते हे ऐकून म्हणाले आधी ते सिम बंद करा. परत गेलेच नाही. खरंच कुणाला दाखवायची गरज आहे का, आणि असेल तर बरा माणूस ओळखायचा कसा? आईलाही न्यायला हवं का?

उत्तर : अगं, बाकीचं सगळं नंतर, आधी ते उठूच नये वालं बघू. दुःखात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण वाटतं म्हणून सोडून द्यायचं नसतं. नुसतं थकून वाटतंय का स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतंय, हे तुलाच माहीत. दुसरं असेल तर आजच मिस्टरांना स्पष्ट सांग, रात्री एकटी राहू नकोस, आणि १४४१६ ला फोन कर. टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं आणि मराठीत बोलता येतं. अगदीच राहवत नसेल तर सरळ हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आता भावाबद्दल. आपल्याकडे बहिणीचं दुःख कुणी धरतच नाही गं. लग्न झालेल्या मुलीला सुतकसुद्धा कमी दिवसांचं, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच सांगतो की आईला सांभाळ, आता तूच आहेस तिला. म्हणजे तू रडायचं कधी? मला विचारशील तर तुझे आठ महिने यातच गेलेत, सगळ्यांना धरून ठेवण्यात, त्यामुळे तू मागे पडलीयेस किंवा काहीतरी जास्तच करतेयस असं मला तरी अजिबात वाटत नाही.

आणि ते सिम राहू दे! रिचार्ज मारणं हा काही आजार नाही. लोक शर्ट न धुता कपाटात ठेवतात, व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज जपतात. पहिल्याच भेटीत, भाऊ कसा होता हेही न विचारता जो सिम बंद करायला सांगतो त्याला दुःखातल्या माणसाबरोबर बसता येत नाही एवढंच त्यातून कळतं, थेरपी कशी असते ते कळत नाही.

गरज आहे का, तर हो, दाखव. दुःख फार लांबलं आणि माणसाला जगूच देईना तर त्याला डॉक्टरी नावही आहे, प्रोलाँग्ड ग्रीफ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्यासाठी कमीत कमी सहा महिने धरतात, अमेरिकन सायकिॲट्रिस्ट मोठ्यांसाठी वर्षभर. पण नुसते महिने मोजून ते ठरत नाही, आणि तुला ते आहे की नाही हे तू किंवा मी इथे बसून ठरवायचं नाही.

जायचं कुणाकडे यात सगळे गोंधळतात. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो गोळ्याही देऊ शकतो. झोप उडालीये, जेवण जात नाही, मरणाचे विचार येतायत असं असेल तर एकदा त्याला दाखवच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर विचारायला लाजू नकोस. काउन्सेलरचं मात्र अवघड आहे, चार दिवसांचा कोर्स करूनही लोक पाटी लावतात, त्यामुळे शिक्षण काय, एमए सायकॉलॉजी आहे का, कुणाच्या हाताखाली काम केलंय हे विचारायचंच. चांगला माणूस चिडत नाही, चिडला तर तिथेच फोन ठेव.

फोनवरच सांग, माझा भाऊ अचानक गेलाय, अशा लोकांबरोबर तुम्ही काम केलंय का आणि सेशनमध्ये नेमकं काय करता? उत्तरात तुझ्या भावाबद्दल बोलायला जागा आहे का ते बघ. नीट थेरपीत तो दिवस हळूहळू सांगायला लावतात, ज्या रस्त्याने जाणं टाळतेस, जो फोटो बघवत नाही, तिथपर्यंत तुझ्या कलाने नेतात, विसर असं कुणी म्हणत नाही. आणि मराठीत बोलता येईल ना हे विचार. ज्या भावाशी आयुष्यभर मराठीत भांडलीस त्याच्याबद्दल इंग्लिशमध्ये काय डोंबल सांगणार! तीन-चार सेशन दे, मग ठरव. पटलं नाही तर बदलायचं, टेलरनं ब्लाउज बिघडवला म्हणून आपण शिवायचं सोडतो का?

पैशांचं म्हणशील तर शहरात एका सेशनचे हजार-दीड हजार सहज जातात. तेवढं झेपत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, गर्दी असते, डॉक्टरला वेळ कमी मिळतो, पण सुरुवात होते. मुंबईच्या टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही फोनवर काउन्सेलिंगची सेवा आहे, ठाण्याची आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून याच कामात आहे, तिथे चौकशी करून बघ. इन्शुरन्सवर फार विसंबू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच कव्हर द्यायला सांगितलंय खरं, पण बहुतेक पॉलिश्या ॲडमिट झाल्यावरचाच खर्च देतात, सेशनची फी ओपीडी कव्हर असेल तरच. त्याच कायद्यात गुप्ततेचा हक्कही आहे, ऑफिसला कळेल ही भीती नको.

मिस्टरांना एका सेशनला सोबत ने, पण तुझी दोन-तीन झाल्यावर, आणि थेरपिस्टला आधी विचारून. बऱ्याच नवऱ्यांना बायको रडली की काय करायचं तेच कळत नाही, मग ते किती दिवस म्हणतात.

आईला आत्ताच ओढू नकोस. तुझ्याच सेशनमध्ये तिला बसवलंस तर तू पुन्हा तिलाच सांभाळत बसशील. मला काय वेड लागलंय का असं ती म्हणणारच, तेव्हा काउन्सेलर हा शब्दच काढू नकोस, झोप आणि बीपीच्या निमित्तानं नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे ने आणि डॉक्टरांना आधी फोन करून सगळं सांगून ठेव, पुढची चिठ्ठी त्यांनी दिली तर ती ऐकेल.