ट्रान्सफर, ट्रान्समिट, ट्रान्झिट, ट्रान्झॅक्शन... ‘ट्रान्स’ने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांत गोंधळ होतो. ते वेगळे कसे ओळखायचे?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कळव्याला राहता, बँकेच्या परीक्षेची तयारी करताय आणि ‘ट्रान्स’चे पंचवीसेक शब्द अर्थासकट पाठ केलेत. तरीही गाळलेल्या जागा भरायला बसलं की ट्रान्सफर आणि ट्रान्समिट, ट्रान्झिट आणि ट्रान्झिशन यांची अदलाबदल होते. याचं कारण पाठांतर कमी पडलं असं नाही. यादीत या सगळ्या शब्दांपुढे ‘पाठवणे, नेणे, बदलणे’ असेच अर्थ छापलेले असतात आणि त्यांच्यातला फरक तिथे दिसतच नाही.

‘ट्रान्स’ हा लॅटिन उपसर्ग, अर्थ ‘पलीकडे’ किंवा ‘आरपार’. तुमच्या घराजवळच तो रोज वाचायला मिळतो. दिघ्यापासून नेरुळपर्यंतच्या एमआयडीसीच्या पत्त्यात ‘टी.टी.सी.’ असतं, ते ‘ट्रान्स ठाणे क्रीक’, म्हणजे ठाण्याच्या खाडीपलीकडचा भाग. ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणारी ट्रान्सहार्बर लोकलही त्याच अर्थाची, आणि १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आधी ‘ट्रान्स हार्बर लिंक’ म्हणूनच ओळखला जायचा. एक लक्षात घ्या: नवी मुंबईतल्या घणसोलीत राहणाऱ्याच्या दृष्टीने ‘पलीकडे’ असते ती मुंबई. ही नावं मुंबईच्या काठावर उभं राहून दिलेली आहेत. ‘ट्रान्स’च्या प्रत्येक शब्दात असे दोन काठ असतात. म्हणून कुठलाही शब्द आला की तीन प्रश्न विचारा: पलीकडे काय जातं, मध्ये काय ओलांडलं जातं, आणि गेल्यावर मूळ जागी काय उरतं? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. बहुतेक गोंधळ त्यानेच सुटतो.

ट्रान्सफरपासून सुरुवात करू. यातला ‘फर’ लॅटिन ‘फेरे’ म्हणजे वाहून नेणे यातून आला. ट्रान्सफरमध्ये मूळ जागी काही उरत नाही. एनईएफटीमध्ये ‘टी’ ट्रान्सफरचा: एका खात्यातून रक्कम वजा होते, दुसऱ्यात जमा होते. फ्लॅट विकला की मालकी एकाकडून जाते आणि दुसऱ्याकडे येते, म्हणून सोसायटीची ट्रान्सफर फी, आणि नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जागा असतील तर सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस. दस्तात ‘ट्रान्सफरर’ आणि ‘ट्रान्सफरी’ असे दोन शब्द भेटतील. शेवटी ‘ओ-आर’ असलेला देणारा, दोन ‘ई’ असलेला घेणारा. हीच जोडी लेसर-लेसी (भाडेपट्ट्याने देणारा-घेणारा), मॉर्गेजर-मॉर्गेजी (गहाण ठेवणारा-गहाण घेणारा) अशी पुढेही चालते, आणि बँकेच्या परीक्षेत ती विचारण्याजोगी आहे. पुनर्विकासात ज्याला सगळे टीडीआर म्हणतात त्यात ‘टी’ ट्रान्सफरेबल: एका भूखंडावरचा बांधकामाचा हक्क उचलून दुसऱ्या भूखंडावर वापरता येतो, आणि वापरला की पहिल्या जागेवर तो शिल्लक राहत नाही.

वाक्यात आपली मराठी सवय आडवी येते. ‘बाबांची बदली झाली’ याचं आपण ‘माय फादर्स ट्रान्सफर हॅपन्ड’ करून टाकतो. बरोबर वाक्य ‘माय फादर हॅज बीन ट्रान्सफर्ड टू नागपूर’. ज्या जागी जायचं तिथे ‘टू’, निघाले तिथे ‘फ्रॉम’. उच्चारही बदलतो: नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ट्रान्सपोर्ट आणि ट्रान्सप्लांट यांचंही तसंच.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक. ‘आय ट्रान्झॅक्टेड फाइव्ह थाउजंड रुपीज टू हिम’ असं इंग्रजी नाही. पैसे ट्रान्सफर करतात. ट्रान्झॅक्ट करतात तो व्यवहार, ‘ट्रान्झॅक्ट बिझनेस’. मुळात ‘आगेरे’, म्हणजे काम चालवणे, तडीस नेणे. त्यामुळे पैशांचा प्रत्येक ट्रान्सफर हा ट्रान्झॅक्शन असतो, पण प्रत्येक ट्रान्झॅक्शन ट्रान्सफर नसतो. एटीएमवर नुसती शिल्लक पाहिली तरी बँक त्याला नॉन-फायनान्शियल ट्रान्झॅक्शन म्हणते, आणि तिथे एक रुपयाही हललेला नसतो. ट्रान्झॅक्शन या नामाबरोबर ‘मेक’, ‘कॅरी आउट’ किंवा ‘कम्प्लीट’ वापरा.

ट्रान्समिटमध्ये ‘मिट’ म्हणजे पाठवणे, आणि इथे तिसरा प्रश्न कामाला येतो: पाठवल्यानंतरही मूळ जागी ती गोष्ट असू शकते. डास मलेरिया ट्रान्समिट करतो, पण त्यामुळे त्याच्या अंगातले परजीवी संपत नाहीत. आकाशवाणी कार्यक्रम ट्रान्समिट करते, तो केंद्रावरून नाहीसा होत नाही. म्हणून रोगासाठी, लाटांसाठी, संदेशासाठी ट्रान्समिट. पैसा, मालकी, नोकरी, कैदी यांच्यासाठी ट्रान्सफर. एक अपवाद आधीच सांगतो, नाहीतर अडाल: संगणकात ‘डेटा ट्रान्सफर’ म्हणतात, तरी मूळ फाइल बहुधा जागच्या जागी राहते. हा रूढ प्रयोग आहे, तसाच स्वीकारा.

विजेच्या बाबतीत मराठीने यासाठी सुरेख शब्द केलाय, पारेषण. ‘महापारेषण’ या कंपनीच्या इंग्रजी नावात ‘ट्रान्समिशन’ आहे आणि तिच्या ४०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) एका मोठ्या उपकेंद्राला तुमच्या कळव्याचंच नाव आहे. या ‘पार’कडे नीट बघा. ट्रान्सपरंटला आपण पारदर्शक म्हणतो, ट्रान्समिशनला पारेषण. पण ट्रान्सफॉर्मेशनला रूपांतर, ट्रान्सलेशनला भाषांतर, ट्रान्सलिटरेशनला लिप्यंतर, ट्रान्सफरला हस्तांतर. म्हणजे मराठीने ‘ट्रान्स’ची दोन कामं वेगळी ओळखली: एखादी गोष्ट कशाच्या तरी आरपार जाते तिथे ‘पार’, आणि रूप, भाषा, लिपी किंवा हात बदलतो तिथे ‘अंतर’, म्हणजे ‘दुसरा’. मी तुमच्या जागी असतो तर वहीत हे दोनच रकाने आखले असते. सगळे शब्द त्यांत बसणार नाहीत, पण निम्म्याहून जास्त बसतील.

‘अंतर’च्या रकान्यातल्या दोन शब्दांनंतर इंग्रजीत बहुतेक ‘इंटू’ लागतं, आणि आपण नेमकं ‘इन’ लिहितो. ‘ट्रान्सलेट धिस इंटू मराठी’, ‘ट्रान्सफॉर्म द मिल इंटू अ मॉल’. फरक पुन्हा उरण्याचा. भाषांतर झालं तरी मूळ मजकूर शाबूत असतो; गिरणीचा मॉल झाला की गिरणी संपली. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर विजेचं रूप बदलतो म्हणजे दाब बदलतो: ११ हजार व्होल्टवरून ४१५ च्या आसपास. पारेषण आणि ट्रान्सफॉर्मर ही दोन वेगळी कामं आहेत, एक नेण्याचं आणि एक बदलण्याचं. ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट मात्र एकाच लॅटिन क्रियापदाची दोन रूपं आहेत. ‘लेट’ हे ‘फेरे’चंच भूतकाळवाचक रूप.

भाषांतराजवळ आणखी दोन शब्द आहेत, तेही वेगळे ठेवा. ट्रान्सलिटरेट म्हणजे फक्त लिपी बदलणं. ‘ठाणे’ रोमन अक्षरांत लिहिलं की भाषांतर होत नाही, लिप्यंतर होतं, आणि त्यात ‘ठ’ आणि ‘ण’ हरवतात. म्हणून परका माणूस ते ‘थेन’ वाचतो. १८५३ साली पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली तेव्हाच्या इंग्रजी कागदांत हे नाव ‘टॅना’सारखं लिहिलेलं सापडतं. ट्रान्सक्राइब म्हणजे बोललेलं ऐकून लिहिणं, किंवा आहे ते जसंच्या तसं उतरवणं. ट्रान्सक्रिप्ट त्यातूनच आला. परदेशी विद्यापीठ ट्रान्सक्रिप्ट मागतं तेव्हा त्याला एका सत्राची गुणपत्रिका नको असते. सगळ्या सत्रांचे विषय, गुण आणि श्रेयांक एकत्र असलेली, विद्यापीठाने प्रमाणित केलेली नोंद हवी असते. सुट्या गुणपत्रिका जोडल्या तर अर्ज अडकू शकतो.

आता ‘इट’ची मंडळी. लॅटिन ‘इरे’ म्हणजे जाणे. ट्रान्झिट म्हणजे वाटेत असणं: ‘द गुड्स आर इन ट्रान्झिट’, मध्ये ‘अ’ किंवा ‘द’ घालायचा नाही. माल निघालाय, पोचलेला नाही. इमारत पाडून नवी होईपर्यंत रहिवाशांना बिल्डर महिन्याला देतो ते ट्रान्झिट रेंट. म्हाडाच्या तात्पुरत्या गाळ्यांना ट्रान्झिट कॅम्प, मराठीत संक्रमण शिबिर. ट्रान्झिशन म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं: शाळेतून कॉलेजात, पेट्रोलवरून विजेवर. ढोबळ खूण अशी: वाट जमिनीवरची असेल तर ट्रान्झिट, आयुष्यातली किंवा व्यवस्थेतली असेल तर ट्रान्झिशन. ट्रान्झिशननंतर ‘फ्रॉम’ आणि ‘टू’. ट्रान्झियंट म्हणजे येऊन लगेच जाणारं, टिकाऊ नसलेलं. आणि ट्रान्झिटिव्ह व्हर्ब, आपलं सकर्मक क्रियापद, तेही याच घरातलं: क्रिया कर्त्यापासून निघून कर्मापर्यंत पोचते.

ट्रान्सपोर्टबद्दल थोडंच सांगायचंय. वाहतूक या अर्थी ते अगणनीय नाम आहे, त्यामुळे ‘मेनी ट्रान्सपोर्ट्स’ नाही. ‘मीन्स ऑफ ट्रान्सपोर्ट’ म्हणा. ट्रान्सपोर्टेशन ही अमेरिकी पद्धत. पण जुने खटले वाचताना ‘ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ दिसलं तर त्याचा अर्थ काळं पाणी. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांना हीच शिक्षा झाली आणि त्यांना एडनला नेलं. तिथेच १८८३ साली त्यांचा अंत झाला. समुद्र ओलांडायला लावणं हाच त्या शिक्षेचा गाभा होता. १९५५च्या कायद्याने या शब्दप्रयोगाची जागा ‘इम्प्रिझनमेंट फॉर लाइफ’ने घेतली.

ट्रान्सप्लांट ऐकलं की आपल्याला मूत्रपिंड आठवतं, पण शब्द आधी शेतीचा आहे. शहापूर-मुरबाडला पावसात भाताची लावणी होते ते शब्दशः ट्रान्सप्लांटिंग: राबातली साधारण तीन आठवड्यांची रोपं उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. अवयवाच्या बाबतीत तेच, एका जागचं मुळासकट काढून दुसऱ्या जागी रुजवायचं. रक्ताला मात्र ट्रान्सप्लांट चालत नाही, ट्रान्सफ्यूजन हवं, कारण ‘फ्यूज’मध्ये ओतणं आहे. पारदर्शक काचेला ट्रान्सपरंट, न्हाणीघराच्या खिडकीतल्या धुरकट काचेला ट्रान्सल्यूसंट: उजेड येतो, पलीकडचा माणूस ओळखू येत नाही.

काही शब्दांत ‘ट्रान्स’ वेश बदलून बसलाय. ट्रेसपास म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकणं. त्यातला ‘ट्रेस’ हा ‘ट्रान्स’च, फ्रेंचमधून घासून आलेला. जमिनीची हद्द ओलांडली तर ट्रेसपास, कायद्याची किंवा मर्यादेची ओलांडली तर ट्रान्सग्रेस. ट्रॅव्हर्स आणि ट्रॅडिशनमध्येही तोच आहे. परंपरा म्हणजे पुढच्या हाती सोपवलेलं. वनस्पती तुपामुळे माहीत झालेल्या ट्रान्स फॅटमध्ये मात्र ‘ट्रान्स’चा अर्थ ‘विरुद्ध बाजूंना’: दुहेरी बंधाजवळचे दोन हायड्रोजन समोरासमोरच्या बाजूंना असतात. एकाच बाजूला असले तर ‘सिस’. सिस हा ट्रान्सचा जुना जोडीदार, अर्थ ‘अलीकडे’.

ट्रान्सजेंडर हे विशेषण आहे. ‘अ ट्रान्सजेंडर पर्सन’ म्हणा. ‘ट्रान्सजेंडर्स’ असं अनेकवचन किंवा शेवटी ‘ई-डी’ लावलेलं रूप वापरू नका. २०१९च्या केंद्रीय कायद्याच्या नावातही ‘ट्रान्सजेंडर पर्सन्स’ असंच आहे. परीक्षा सोडाच, माणसांबद्दल लिहिताना हे पाळायलाच हवं.

ट्रान्सपायरकडे स्वतंत्र लक्ष द्या, कारण वर्तमानपत्री इंग्रजीत ते सारखं येतं. मूळ अर्थ आरपार श्वसणं, म्हणून वनस्पतिशास्त्रात बाष्पोत्सर्जन. त्यावरून ‘गुप्त गोष्ट बाहेर फुटणं’: ‘इट ट्रान्सपायर्ड दॅट द सिग्नेचर वॉज फोर्ज्ड’, म्हणजे सही खोटी असल्याचं उघड झालं. ‘घडलं’ या अर्थीही ते आज सर्रास वापरतात, पण तिथे साधं ‘हॅपन्ड’ जास्त चांगलं. या दोन्ही अर्थांनी ते अकर्मक आहे, त्यामुळे ‘ही ट्रान्सपायर्ड द सीक्रेट’ चूक.

स्पेलिंगमध्ये दोनच जागा घसरड्या आहेत. पहिली: पुढचा भाग ‘एस’ने सुरू होत असेल तर दोन ‘एस’मधला एक बहुधा गळतो. ट्रान्सपायर (ट्रान्स अधिक स्पायर), ट्रान्सक्राइब, ट्रान्सेंड, सगळीकडे एकच ‘एस’. ट्रान्सशिपमध्ये (माल एका जहाजातून दुसऱ्यात चढवणे) एक आणि दोन, दोन्ही चालतात. न्हावाशेवा बंदराच्या कागदपत्रांत जे असेल तेच शेवटपर्यंत ठेवा. दुसरी: ट्रान्सफर्ड, ट्रान्सफरिंग यांत ‘आर’ दोनदा आणि ट्रान्समिटेड, ट्रान्समिटिंग यांत ‘टी’ दोनदा, कारण जोर शेवटच्या अवयवावर आहे. ट्रान्सफरेबलमध्ये मात्र ‘आर’ एकदाच, आणि धनादेशाशी, टीडीआरशी, तिकिटाशी काम असलेल्यांच्या हातून नेमका तोच शब्द सगळ्यात जास्त चुकतो.