बाटलीतलं लेट्यूस: पंपाच्या नादी लागू नकोस

मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर लेट्यूस (सॅलडची पानं) लावायचं, तर पहिल्याच खेपेला पंप-पाइप नको. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली काप, तोंडाकडचा भाग उलटा करून आत बसव, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भर. बाहेरून जुना काळा मोजा चढव. हसू नकोस, माझ्या पहिल्या चार बाटल्यांत उजेड शिरला, शेवाळ माजलं आणि लेट्यूस सोडून सगळं हिरवंगार झालं!

खालच्या भागात पाणी सुरुवातीला कोकोपीटला टेकेल एवढं. मग ते उतरेल तशी वरची मुळं हवेत राहू देत; काठोकाठ भरलंस तर गुदमरतात. नुसत्या १९:१९:१९ या नत्र-स्फुरद-पालाश खतावर भागत नाही, त्यात कॅल्शियम नसतं. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या पाण्यात विरघळव, मग बाटलीच्या पाण्यात मिसळ. पाण्याचा पीएच (आम्लता) ५.५ ते ६.५.

बेळगावात बी दिवाळीनंतर टाक. एप्रिलच्या उन्हात फुलाचा दांडा चढतो, पान कडू होतं.