सांगलीच्या हळद सौद्यांचे भाव वाचणारं माझं पायथन पॅकेज पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात) कुणालाच सापडत नाही. कीवर्ड्स कोणते द्यावेत?

ज्याला पॅकेजचं नावच माहीत नाही तो काय टाइप करेल, तिथून सुरुवात करा. 'पायथन', 'डेटा', 'टूल' काढून टाका. हे शब्द हजारो पॅकेजेसना आहेत. 'टर्मरिक', 'एपीएमसी', 'मंडी' हे रोमन लिपीत घाला. सौदे म्हणजे काय हे आपल्याकडे पोराटोरांनाही कळतं, पण नागपूर-इरोडचा डेव्हलपर 'मंडी'च शोधणार. एका ओळीच्या वर्णनातही हळद आणि बाजारभाव येऊ द्या, कारण यादीत माणूस तीच ओळ वाचून क्लिक करतो. बरेच जण ती रिकामी सोडतात, फार वाईट वाटतं. क्लासिफायर, म्हणजे पॅकेजच्या वर्गवारीची लेबलं, मात्र मनाने बनवू नका. पायपीआयच्या ठरलेल्या यादीबाहेरचा असेल तर अपलोडच नाकारलं जातं. उद्या रस्ट भाषेत लिहिलंत तर तिच्या पॅकेज भांडारात, क्रेट्स.आयओवर, जास्तीत जास्त 5 कीवर्ड्स चालतात.