रे ट्रेसिंगमध्ये लेसरचा ठिपका १.८ मिमीचा येतो, सॉफ्टवेअर चुकतंय का?

प्रोजेक्टसाठी शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग लेसरने तपासायचंय, त्यासाठी एका बाजूने सपाट, १०० मिमी फोकल लेंथची बीके-७ काचेची लेन्स घेतलीय आणि २५ मिमीचा समांतर झोत सोडलाय, असं तुम्ही लिहिलंय. रे ट्रेसिंगचं, म्हणजे एकेका किरणाचा मार्ग गणिताने काढणारं, सॉफ्टवेअर बरोबर आहे. तुमच्या तक्त्यात पहिल्या पृष्ठभागाची त्रिज्या ‘अनंत’ आहे, म्हणजे सपाट बाजू लेसरकडे. लेन्स उलटी बसलीय!

सपाट बाजूवर समांतर किरण वळतच नाहीत, सगळा भार मागच्या गोल बाजूवर पडतो. कडेचा किरण तिथे गरजेपेक्षा जास्त वळतो आणि मधल्या किरणांच्या फोकसआधी जवळपास ७ मिमीवरच अक्ष ओलांडतो. हेच स्फेरिकल ॲबरेशन. गोल बाजू लेसरकडे करा. वळण दोन्ही पृष्ठभागांत वाटलं जाईल, ७ चे साधारण १.७ मिमी होतील आणि ठिपका ०.४५ मिमीवर येईल.

आता पडदा लेन्सकडे १.३ मिमी सरकवा, ठिपका ०.११ मिमी होईल. नुसत्या स्पॉट डायग्रामवरून, म्हणजे पडद्यावर किरण कुठे पडतात त्या ठिपक्यांच्या चित्रावरून, दोष कुठला ते कळत नाही. रे फॅनचा आलेख उघडा, त्यात लेन्सवर कुठून आलेला किरण पडद्यावर किती चुकतो ते दिसतं. तिरकी सरळ रेघ दिसली तर फोकस चुकलाय, टोकांना झपाट्याने वळणारी वक्र रेघ दिसली तर स्फेरिकल. तुम्हाला दोन्ही मिसळलेले दिसतील.

त्याहून लहान ठिपका हवा असेल तर झोत निम्मा करा. हा दोष झोताच्या रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे १२.५ मिमीला फोकस पुन्हा जुळवल्यावर ठिपका १४ मायक्रॉनच्या आसपास येतो. तिथे थांबा. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरला एफ/८ वर (फोकल लेंथ झोताच्या आठपट) डिफ्रॅक्शनचाच, म्हणजे प्रकाशलहरी पसरल्यामुळे होणारा, ठिपका सुमारे १३ मायक्रॉनचा असतो. झोत आणखी बारीक केलात तर ठिपका उलट वाढेल, आणि भूमितीचे किरण मात्र तो लहानच दाखवत राहतील.

तुम्ही टाकलेला १.५१६८ हा अपवर्तनांक पिवळ्या प्रकाशाचा आहे. लाल लेसरला १.५१४५ धरा, नाहीतर फोकस अर्धा मिलिमीटर चुकेल. लेसर थोडा तिरका बसेलच, म्हणून अर्ध्या अंशाचा एक फील्डही, म्हणजे तिरका येणारा झोतही, टाकून बघा. ठिपक्याला एका बाजूला शेपूट फुटलं तर तो कोमा, म्हणजे तिरक्या झोतामुळे येणारा दोष.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेन्सचा होल्डर टर्न करायला द्याल तेव्हा दोन-तीन मिमी पुढेमागे होईल असा आटा ठेवायला सांगा, आणि लेन्सची गोल बाजू कुठे येणार ते ड्रॉइंगवर बाणाने दाखवा.